अक्का आता मला शिरा वाढतात

रोजच्या जेवणातलं मला सगळ्यात जास्त काय आवडत असेल, तर सकाळची उरलेली ज्वारीची भाकरी. दुपारी ती कुस्करायची, वर कच्चं तेल, तिखट, मीठ आणि बारीक चिरलेला कांदा. पंचवीस वर्षं स्वयंपाक करतेय. माझ्या हातची वरणफळं आणि धपाटे लोक मागून खातात. पण हा कुस्करा मी एकटीने करून खाल्ला की घशाखाली उतरत नाही. आणि नावडतं काय म्हणाल, तर पुरी आणि शिरा. त्यात पुरीची काही चूक नाही, शिऱ्याचीही नाही. चूक माझी आहे.

माझं माहेर नांदेडचं. वडील शिक्षक, घरात दोन्ही वेळा पोळ्या. लग्न होऊन मुखेडला आले तेव्हा मला भाकरी थापता येत नव्हती. घरात सासू-सासरे, थोरले दीर, जाऊबाई आणि त्यांची दोन मुलं. दिरांची पिठाची गिरणी होती, माझे मिस्टर सरकारी कचेरीत कारकून. जाऊबाई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठ्या. त्या तेलंगणाच्या सीमेवरच्या देगलूरकडच्या, म्हणून सगळे त्यांना तिकडच्यासारखं अक्का म्हणत. मीही म्हणू लागले.

पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी मला भाकऱ्या करायला बसवलं आणि त्या देवळात गेल्या. माझी एक भाकरी काठवटीतून उचलताना तुटली, दुसरी तव्यावर टाकताना, तिसरी नुसतीच करपली. मी रडायला लागले. अक्का आल्या, त्यांनी तिन्ही भाकऱ्या पदराखाली घेतल्या आणि मागच्या दाराने जाऊन शेजारच्या म्हशीला घातल्या. मग काठवट आपल्याकडे ओढली. सासूबाई परत येईपर्यंत टोपल्यात बारा भाकऱ्या होत्या, एकसारख्या, टम्म फुगलेल्या. अक्का त्यांना म्हणाल्या, "हिच्या हाताला पीठ समजंना अजून. भाकरी मी करते, भाजी-वरण हिच्याकडं द्या."

ती वाटणी चौदा वर्षं चालली. सकाळी आम्ही दोघी शेजारी शेजारी बसायचो. त्यांच्या थापण्याचा आवाज आणि माझी फोडणी. बोलणं फार नसायचं. माझं काही बिघडलं तर त्या तिथल्या तिथे सांगायच्या. "अगं, मिठाचं पोतं सांडलं का आमटीत?" म्हणायच्या आणि उकळती आमटी सावरायला त्यात कणकेचा गोळा सोडायच्या. बाहेर पुरुषांच्या पंगतीला त्यातलं काही कळायचं नाही.

सगळ्यांची जेवणं झाली की दुपारी आम्ही दोघी मागच्या पायरीवर बसायचो. ताट एकच. त्यात उरलेली भाकरी कुस्करलेली. कांदा मी चिरायचे, तेल त्या ओतायच्या. माहेरच्या गोष्टी, कुणाचं लग्न, कुणाचं बाळंतपण, सासूबाईंच्या नकला, सगळं त्या एका ताटावर व्हायचं. मला आई नव्हती. मुलगी झाली तेव्हा बाळंतपण अक्कांनीच केलं. दूध यावं म्हणून त्या मला रोज शेपूची भाजी करून घालायच्या आणि मला शेपूचा वाससुद्धा सहन होत नसे. मी तोंड फिरवलं की त्या ताट घेऊन समोर बसून राहायच्या, मी शेवटचा घास खाईपर्यंत.

मग मिस्टरांची लातूरला बदली झाली. चूल वेगळी झाली ती भांडून नाही. निघताना अक्कांनी मला दोन शेर शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आणि पदराने डोळे पुसले. लातूरमध्ये आम्ही आधी भाड्याने राहिलो, सात वर्षांनी स्वतःचा फ्लॅट घेतला. त्याच्या घरभरणीला मी अक्कांना दोन दिवस आधी बोलावून घेतलं. मिस्टरांच्या कचेरीतली माणसं येणार होती आणि त्यांना गावरान जेवण हवं होतं. येसराची, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची आमटी, ठेचा, भाकरी. आमटीची मला काळजी नव्हती. भाकरी मला अजूनही नीट येत नव्हती.

अक्का मुखेडहून एसटीने आल्या. सोबत पोत्यात गुंडाळून काठवट आणली होती आणि आपल्या गिरणीतलं ताजं पीठ. घरभरणीच्या दिवशी आम्ही गॅलरीत गॅस मांडून दिला. जुनं लुगडं खोचून त्या सकाळी नऊला बसल्या. कोपरापर्यंत पीठ, कपाळावर घाम, केस सुटलेले. मी आत नवी साडी नेसून पाहुण्यांचं स्वागत करत होते. खरं सांगायचं तर त्या दिवशी एकदा माझ्या मनात आलं होतं, अक्कांनी जरा बरी साडी नेसायला हवी होती.

जेवणं सुरू झाल्यावर मिस्टरांच्या साहेबांच्या पत्नी हॉलमध्ये माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. भाकरीची फार स्तुती केली. मग गॅलरीकडे हात करून त्यांनी विचारलं, "ही बाई कुठून मिळाली तुम्हाला?"

मी म्हणाले, "गावाकडून बोलावलंय."

तेवढ्यावरही सावरता आलं असतं. माझ्या मोठ्या जाऊबाई आहेत, एवढं एक वाक्य. पण त्या बाईंच्या हातातलं घड्याळ, त्यांचं बोलणं, आणि तिकडे अक्कांचं ते खोचलेलं लुगडं.

"आमच्याकडे पुढच्या महिन्यात कार्यक्रम आहे. येईल का ती?" त्यांनी विचारलं.

आणि मी हसून म्हणाले, "विचारून सांगते."

गॅलरीच्या दाराला नुसती जाळी होती. थापण्याचा आवाज थांबला. फार नाही, एखादा श्वास घ्यावा तेवढाच. मग पुन्हा सुरू झाला.

अक्कांनी शेवटच्या पाहुण्यापर्यंत भाकऱ्या केल्या. मग हात धुतले, गॅलरी पुसून काढली, काठवट पोत्यात घातली. जेवायला बसा म्हटलं तर, भूक न्हाई म्हणाल्या. अजून दोन दिवस राहायचं ठरलं होतं. त्या म्हणाल्या, गिरणीवर माणूस न्हाई, जावं लागंल. मी आहेराची साडी पुढे केली. त्यांनी तिच्यावरून हात फिरवला आणि माझ्याच हातात परत दिली. साड्या लई हाईत घरी, म्हणाल्या. मिस्टर त्यांना स्टँडवर सोडून आले. वाटेत काही बोलल्या का म्हणून मी विचारलं, तर ते म्हणाले, नाही, पाऊसपाण्याचं बोलत होत्या.

दिवाळीत आम्ही मुखेडला गेलो. मी नेहमीसारखी चपला काढून सरळ आत निघाले, तर अक्का समोर आल्या. "या. बसा," म्हणाल्या. पुढच्या खोलीत माझ्यासाठी खुर्ची ठेवली होती.

त्यांनी मला कधीच या म्हटलं नव्हतं. चौदा वर्षं आणि त्यानंतरही, ये गं, कुठं मेली होतीस, असंच.

जेवायला पुऱ्या होत्या, बटाट्याची भाजी आणि शिरा. माझं ताट पुरुषांच्या बरोबर मांडलं होतं. मी उठून आत गेले, म्हटलं मी तुमच्याबरोबर मागून बसते. त्या म्हणाल्या, "तुम्ही कशाला तरास घेता? सून हाय की मदतीला." शिरा वाढायला त्या स्वतः आल्या. वर काजू लावलेला. मी तो कसा गिळला ते माझं मला माहीत.

दुपारी त्या मागे भांडी लावत होत्या तेव्हा मी गाठलं. म्हटलं, अक्का, घरभरणीच्या दिवशी माझं चुकलं. मी काय बोलले ते तुम्ही ऐकलंत. मला शिव्या द्या, मारा, पण असं करू नका. माझा हुंदका आवरत नव्हता. त्यांनी हातातलं पातेलं पालथं घातलं आणि माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर मी पाय धरले असते.

"काय झालं व्हतं घरभरणीला?" त्या म्हणाल्या. "मला तर काही आठवत न्हाई." आणि आत बघून सुनेला चहा टाकायला सांगितलं, पाहुण्यांची निघायची वेळ झाली म्हणून.

मिस्टरांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, वहिनींच्या मनात तसलं काही नाही, तू उगाच लावून घेतेस. भावाभावांचं आजही उत्तम आहे. त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला काही दिसत नाही.

दोन वर्षांपूर्वी अक्कांच्या डोळ्याचं ऑपरेशन लातूरला झालं. पुतण्याने सोय म्हणून त्यांना आमच्याकडेच ठेवलं. चार दिवस. मला वाटलं, आता तरी. एकदा डोळ्यावर पट्टी बांधलेल्या त्या पलंगावर बसल्या असताना मी भाकरी कुस्करून एकाच ताटात घेऊन गेले. त्यांनी बोटांनी चाचपून ताटाचा अंदाज घेतला आणि म्हणाल्या, "मला येगळं वाढा थोडं. डोळ्याचं औषध लागलेलं हाय हाताला." मी वेगळं वाढलं.

जे केलं ते त्या खात होत्या आणि प्रत्येक वेळी म्हणत होत्या, छान झालंय. आयुष्यभर माझ्या आमटीला नावं ठेवणारी बाई. तिसऱ्या दिवशी मी एक वेडेपणा केला. त्यांच्या आमटीत मुद्दाम मूठभर मीठ टाकलं आणि वाटी पुढे ठेवून बसून राहिले. त्यांनी भाकरीचा तुकडा बुडवून खाल्ला. थांबल्या. मी मनात म्हणत होते, बोला. एकदा बोला. त्यांनी दुसरा घास घेतला, मग तिसरा. वाटी संपेपर्यंत खाल्लं आणि वर तांब्याभर पाणी प्यायल्या.

"चांगली झाली व्हती आमटी," म्हणाल्या.

मी वाटी घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून रडले.

चौथ्या दिवशी पुतण्या गाडी घेऊन आला. अक्कांनी आपली चादर घडी करून ठेवली होती, उशीसुद्धा नीट. जाताना माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, लई केलंत तुम्ही. गाडी वळेपर्यंत मी गेटवर उभी होते.

अजूनही मी पंधरा दिवसांनी फोन करते. त्या उचलतात. गुडघे कसे आहेत ते सांगतात, नातवाची शाळा, गिरणीच्या दुरुस्तीचं काम. परवा दुपारी केला होता, दीडच्या सुमारास. जेवलात का, त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. मी जेवले नव्हते. तुमचं झालं का, मी विचारलं.

"झालं की," त्या म्हणाल्या. मागे कुणीतरी भांडं आपटल्याचा आवाज आला.

"बरं, ठिवू का मग?" अक्का म्हणाल्या.

मी म्हटलं, ठेवा.