मातामायने घेतलेला थेंब

आज गोंदियाहून दरेकशाला परतताना मी गाडीत एका जागी बसूच शकले नाही. माझ्या वर्षभराच्या बाळाचा रक्ताचा रिपोर्ट पिशवीत होता आणि मी तो चार-पाचदा काढून पाहिला. बाळाचे बाबा म्हणाले, "घडीवर फाटून जाईल ना तो." फाटला तर फाटला. दीड वर्षापूर्वी अशाच तपासणीपासून मी पळत होते आणि पळताना देवीला पुढे करत होते. हे लिहायला लाज वाटते, पण आज आनंदच एवढा झाला आहे की काही लपवावंसं वाटत नाही.

पहिल्या खेपेला तिसऱ्याच महिन्यात माझं सगळं वाहून गेलं होतं. म्हणून पुन्हा दिवस राहिले तेव्हा गावाच्या शिवेवरच्या मातामायपुढे पदर पसरला आणि बोलून बसले, बाळ हातात येईपर्यंत अंगातून रक्ताचा एक थेंब सांडू देणार नाही. कुणी सांगितलं नव्हतं, माझ्याच डोक्यातून निघालेला नवस. मग विळ्याला हात लावेना की बांधावर अनवाणी जाईना. सासूबाई म्हणायच्या, नवस बोलावा तर झेपेल असा. अशात धानाच्या रोवणीच्या दिवसांत दवाखान्याची आशाताई निरोप घेऊन आली. तालुक्याच्या गावी शिबिर आहे, गरोदर बायांची एचआयव्ही, कावीळ, सगळी तपासणी होणार, रक्त द्यायला यावंच लागेल. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

माझी सख्खी मोठी बहीण त्याच घरात माझी जाऊ आहे, दोघी बहिणी दोघा भावांना दिलेल्या. तीही तेव्हा पोटुशी होती. माझी ती दशा पाहून म्हणाली, "तुजं न् माजं रगत का अलग आहे वं? एकाच मायच्या पोटच्या ना आपण. मी देतो तुज्या वाटचं." आणि खरंच दोन्ही कार्डं घेऊन गेली. सकाळी स्वतःच्या नावाने रक्त दिलं, जेवणानंतर डोक्यावर पदर ओढून माझ्या नावाने. एवढ्या गर्दीत कोण कुणाचं तोंड पाहतं. दोन्ही रिपोर्ट चांगले आले. मी मातामायला खडीसाखर वाहिली आणि आमच्या हुशारीवर खूश झाले. पण त्या कागदावर माझं नाव दिसलं की मी तो उलटा करून ठेवायची. देवीला दिलेला शब्द पाळला होता, तरी तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

सातव्या महिन्यात ओटी भरली, बहिणीने हातभर हिरव्या बांगड्या भरवल्या. नवरात्र होतं, धान लोंबीला आलं होतं. सकाळी एकटीच मातामायला हळद-कुंकू वाहायला गेले. उठताना तोल गेला, हात शेंदराच्या दगडावर टेकला आणि बांगडी वाढली. काच मनगटात शिरली. रक्ताचा टपोरा थेंब थेट दगडावर पडला. मी तिथेच बसून रडायला लागले. आता काही हे बाळ राहत नाही, एवढंच मनात येत होतं.

झाडाखाली एक अनोळखी म्हातारी झाडूंचा भारा टेकवून दम खात होती. ती जवळ आली, काच काढली, चिंधी बांधली. "काऊन रडून राहिली वं पोरी?" तिने विचारलं आणि मी नवसापासून बहिणीने दिलेल्या रक्तापर्यंत सगळं सांगून टाकलं. आईलाही सांगितलं नव्हतं ते. तिने चिंधीची गाठ घट्ट केली. मग म्हणाली, "मायले रगताचं भेव नाही बाई. भेव तं तुले आहे. तू देत नव्हतीस, मनून तिनंच काढून घेतलं. आता ज्याईनं मागतलं, त्याईले दे." भारा डोक्यावर चढवून ती स्टेशनच्या वाटेने निघून गेली. त्यानंतर ती मला दिसली नाही. कोण, कुठली, मी शोधत बसले नाही.

दुसऱ्याच दिवशी बाळाच्या बाबांना घेऊन दवाखाना गाठला आणि खरं सांगितलं. नर्सताईने चांगलीच झापली, मग माझं रक्त घेतलं. मला बी प्रकारची कावीळ निघाली. वरून काहीच कळत नव्हतं, भूकही चांगली लागत होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, जन्माच्या वेळी ही बाळाला लागू शकते, पण आधी कळलं हे फार बरं झालं. गोंदियाला बाळंत व्हा, जन्मल्याबरोबर बाळाला दोन इंजेक्शनं देऊ. घरी आल्यावर माझ्यापेक्षा बहीणच जास्त रडली. "मी का करून बसली असती वं," एवढंच म्हणत राहिली. तिचा दोष नव्हता. प्रेमाने आंधळी झाली होती ती, आणि मी भीतीने.

पोरगा झाला. मी धड त्याचं तोंडही पाहिलं नव्हतं, तोवर त्याच्या दोन्ही मांड्यांना टोचून झालं होतं. पुढच्या लसी वेळच्या वेळी दिल्या. परवा तपासणीसाठी त्याचं रक्त काढलं तेव्हा त्याने दवाखाना डोक्यावर घेतला. मी डोळे मिटले नाहीत. कापसावर आलेला थेंब पाहून मनात म्हटलं, माय, हाही तुझाच.

स्टेशनवरून घरी न जाता आधी शिवेवर गेलो. पोराला दगडापुढे उभं केलं, त्याने दोन्ही हात शेंदरात माखून घेतले. मी मात्र हात जोडले आणि मागायचं काही सुचलंच नाही. इतकी वर्षं मी तिला अटी घालत होते आणि त्यालाच भक्ती म्हणत होते. तेवढ्यात लेकीला कडेवर घेऊन बहीण धावत आली. "का निंगालं?" मी कागद पुढे केला. रिपोर्टात कावीळ नव्हती. तिने आधी पोराचं नाव बोट ठेवून वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "रगत याचंच ना वं?"

"याचंच," मी म्हटलं, आणि आम्ही दोघी रडता रडता हसत सुटलो.