सरावातला जखमी

लष्करी रुग्णालयात सगळे त्यांना ‘जखमी’ म्हणायचे. चादरी-ब्लँकेटांच्या कोठारातला हा साधा माणूस. उभ्या जन्मात अंगाला गोळी सोडाच, काटाही रुतला नसेल. पण रुग्णवाहिकांची तपासणी निघाली की सरावासाठी स्ट्रेचरवर कुणाला तरी झोपावं लागायचं आणि बाकीचे काढता पाय घ्यायचे. मग हेच गळ्यात ‘मांडी मोडली’ अशी पाटी अडकवून आडवे व्हायचे. झोपायचा पगार घेणारा माणूस आमच्याच घरी निघाला, असं वहिनी, म्हणजे त्यांची बायको, सगळ्यांना सांगायच्या.

मी गाडीचा चालक. तपासणीवाल्या साहेबांचा मला मनस्वी राग. सदानकदा हातात घड्याळ. खोटं कशाला बोलू, सुधारणा झाल्या. रुग्णालयाच्या फाटकावरचा खोळंबा गेला, ऑक्सिजन हाताशी आला. पण झोपलेल्याला काय वाटतं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

शेवटी जखमींनीच तोंड उघडलं.

“साहेब, आडवं पडलं की नुसतं छत दिसतं. गाडी वळली की पोटात गोळा येतो. कुठं आलो, किती राहिलं, एवढं कुणी सांगत गेलं तरी पुरे.”

साहेब हसले. घड्याळात न मावणारी गोष्ट अहवालात कशी घालणार? पण जखमी हट्टाला पेटले. दर सरावानंतर तेच पालुपद. अखेर कटकट नको म्हणून नियम झाला : मागे बसलेल्या परिचारकाने रुग्णाशी बोलत राहायचं. आमचा परिचारक मुलखाचा मुखदुर्बळ. त्याला जखमींनीच आडवं पडून शिकवलं.

मागच्या थंडीत, एका दुपारी, घरीच त्यांच्या छातीत कळ आली. आम्ही धावलो, ऑक्सिजन लावला, निघालो. वहिनी पुढे माझ्या शेजारी बसल्या. मागच्या खिडकीतून परिचारकाचा आवाज येत होता. दादा, पूल आला. दादा, आता डावीकडे वळतोय. दादा, फाटक दिसायला लागलं.

“तो बोलतोय,” वहिनी मला म्हणाल्या. “म्हणजे हे ऐकतायत.”

मलाही तसंच वाटलं.

इतक्या लवकर आम्ही कधीच पोहोचलो नव्हतो. दार उघडलं तर परिचारक घामाने निथळत त्यांची छाती दाबत होता. डॉक्टरांनी त्याला हाताला धरून बाजूला केलं. वहिनींकडे बघायचा मला धीर होईना. मी भिंतीकडे तोंड करून रडलो.

नाडी पुलापाशीच गेली होती, असं त्याने नंतर सांगितलं. मग बोलत कशाला राहिलास, मी चिडूनच विचारलं.

“थांबायचं कधी, ते दादांनी शिकवलंच नव्हतं,” तो म्हणाला.