गौतम पास झाला

हे मी कोणाजवळच बोललो नाही. बायकोजवळ नाही, आईजवळ तर नाहीच. आता काऊन बोलून राह्यलो — मले तरी कुठं कळते?

मी इचोड्याकडच्या शाळेत मास्तर. तपासणीले साहेब येणार म्हटलं की आमी पोरांकडून उत्तरं घोकून घेतो. पोरगं चुकलं तर इज्जत मास्तरची जाते ना! हीच खोड मले नडली. मले कशाची — गौतमले नडली.

गौतम माझा धाकटा भाऊ. जुन्या काविळीनं त्याचं लिव्हर सुकलं होतं. नव्वदचं दशक सरत आलं होतं, लिव्हर बदलायचं ऑपरेशन देशात नवंनवं. हैदराबादचे डॉक्टर पेशंटले मार्क देतात, त्यावरून नाव पुढं पाठवतात — एवढंच मी ऐकलेलं. गौतम तर दिवसा झोपे, रात्री जागे, कधी आईलेच विचारे, तुमी कोण? मग काय, मी तयारी करून घेतली. वार, महिना, साल. सोमवारी जायचं होतं, म्हणून बसमध्येही सोमवार, सोमवार. बिचारा घोकत राह्यला.

डॉक्टरांपुढं त्यानं सगळं बरोबर सांगितलं. मले विचारलं, कधी भ्रमिष्टावानी बोलतात का? मी म्हटलं, छे छे, डोकं एकदम शाबूत!

मग डॉक्टर म्हणाले — हे मार्क उलटे असतात. जितके जास्त तितका आजार पुढं गेलेला, तितकं नाव आधी. लिव्हर बिघडलं की डोकंही भरकटतं; यांचं शाबूत, म्हणून मार्क कमी भरले. औषधं घ्या, सहा महिन्यांनी या.

तेव्हा बोलायचं होतं. साहेब, मी घोकून घेतलं, मी खोटं बोललो — एवढंच तर! डॉक्टर भला माणूस होता, समोरच बसला होता. मग काऊन गप्प राह्यलो? लाज वाटली. मास्तर असून खोटं बोललो, हे तोंडानं कसं सांगू? भावापेक्षा मले माझी लाज मोठी वाटली.

बाहेर आल्यावर त्यानं माझा हात धरला. "दादा, पास झालो ना मी?"

"झाला रे."

किती खूश झाला तो.

कापूस वेचणीले आला, तेव्हा गौतम गेला. वाचलाच असता असं नाही म्हणत. नाव तरी पुढं गेलं असतं. शेवटी त्याले मीही ओळखू येत नव्हतो. पण खाटेजवळ बसलो की आपणहून म्हणे, "सोमवार." आई रडे — पोरगं भ्रमात बोलून राह्यलं. मले ठाऊक होतं तो काय सांगून राह्यला.

दर वेळी मी म्हटलं, "बरोबर."