छाती अर्धो इंच कमी

देवळात नारळ हातात घेऊन तात्या उभे राहिले की माडावरचे कावळेसुद्धा गप्प बसतात, असं तारकर्लीत म्हणत. कावळ्यांचं मला ठाऊक नाही, आम्ही मात्र बसायचो. गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालण्याचा मान तात्यांच्या घराण्याचा. ते खड्या आवाजात एकेक मागणं मांडत आणि प्रत्येक मागण्यामागे सारा गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणे. पाऊस, भात, मासळी, गुरं. चीनच्या लढाईनंतर त्यात एक मागणं वाढलं.

“बा देवा म्हाराजा, ह्या गावचो जो कोण झील पलटणीत भरती होऊक कसालाक जायत, तेची छाती अर्धो इंच कमी भरांदे रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” गाव गरजला. त्यात मीही होतो, आणि दुसऱ्याच दिवशी मी कसालला भरतीसाठी निघालो होतो. सवयीने तोंडातून गेलं, त्याला काय करणार? माझी छाती भरली नाही. माझ्या बरगड्या रस्त्यावरून मोजता येत होत्या हे खरं, पण मी आजवर ते खापर तात्यांवरच फोडत आलो आहे.

नुसतं देवावर टाकून बसणाऱ्यांतले तात्या नव्हते. भरतीची माणसं येणार अशी कुणकुण लागली की पोरांना घेऊन ते रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, मालकाच्या दारात हजर. “बंदूक धरूक हात लागतत, जाळ्याचो दोर ओढूकय हातच लागतत. मगे दोरच ओढा,” हे त्यांचं ठरलेलं बोलणं. बायकाही त्यांना सामील होत्या. ज्या घरातला मुलगा भरतीची भाषा बोले, त्या घरी त्या पाळीपाळीने जाऊन मुली सुचवायच्या.

एकदा मी वैतागून विचारलं, “तात्यानू, मगे देश कोणी राखूचो?”

“राखूक होयो. माका कळता,” ते म्हणाले. “पण आमच्या घरान एक दिल्यान. तो अजून येवचो आसा.”

तो म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. दुसऱ्या महायुद्धात पलटणीतून गेला, त्याची धड बातमीसुद्धा आली नाही. परसातल्या त्याच्या आवडत्या झाडाचा दरवर्षीचा पहिला फणस त्यांच्या आईने मरेपर्यंत कोणाला कापू दिला नाही. हे ऐकल्यावर मी पुन्हा वाद घातला नाही.

आणि मग तात्यांचा एकुलता एक मुलगा बाबल भरतीला निघाला. तात्या निर्धास्त होते, गाऱ्हाणं ताजं होतं. संध्याकाळी बाबल हसत परत आला. छाती दोन बोटं जास्तच भरली होती. मोजणाऱ्याने पाठ थोपटून विचारलं म्हणे, कुठल्या तालमीत जातोस? बाबलने सांगितलं, रापणीवर.

तात्या पायरीवर खालीच बसले. “म्हणजे मीच रे तुका दोर ओढूक लावलंय,” एवढंच म्हणाले.

बाबल जायच्या दिवशी गाव देवळात जमला. तात्यांनी नारळ उचलला. “बा देवा म्हाराजा, ह्यो माझो झील...” आणि पुढे शब्दच येईनात. उभ्या जन्मात ते गाऱ्हाण्यात अडखळले नव्हते. आम्हांला कोणाकडे बघावं कळेना. शेवटी बाबलच हळू म्हणाला, “व्हय म्हाराजा.” मग आम्ही सगळे म्हणालो.

नोकरी पुरी करून बाबल धडधाकट परत आला, तेव्हा तात्या नव्हते. आता नारळ बाबलच्या हातात असतो. पाऊस, भात, मासळी, गुरं, सगळं तो मागतो. अर्ध्या इंचाचं मागणं त्याने अजून गाळलेलं नाही.