ताईच्या वेळचा देव

माझी मावशी काजं करायची. शिंपी शर्ट शिवून पाठवायचा, ही खिडकीशी बसून बटणांसाठी कापड चिरायची आणि चिरेच्या कडा दोऱ्याने बांधून काढायची. चीर चुकली तर शर्ट वाया, म्हणून कात्री हातात असताना ती श्वासही बेतानेच घ्यायची. बोलताना मात्र असला बेत नसे. मी तिच्याकडेच वाढले, त्यामुळे हे अनुभवाने सांगते.

देवाबद्दल तिचं मत पक्कं होतं: देव बदलत नाही. "सकाळी एक, संध्याकाळी एक, असा आमचा शिंपी आहे," ती म्हणायची. "देवही तसाच निघाला तर भरवसा कुणावर ठेवायचा?" यावर तिच्याशी वाद घालायच्या भानगडीत घरातलं कुणी पडत नसे.

तिची मुलगी, म्हणजे माझी ताई, लहान असताना तिचे वडील आजारी पडले. त्यांच्यासाठी रोज संध्याकाळी प्रार्थना करायचं काम ताईकडे होतं. एकदा ती खेळायला पळाली आणि 'केली' म्हणून सांगून मोकळी झाली. त्यानंतर थोड्याच दिवसांत काका गेले. थाप उघडी पडली तेव्हा मावशी म्हणाली, "तू खोटं बोललीस, म्हणून देवाने त्यांना नेलं." तेव्हापासून ताईने एकही संध्याकाळ चुकवली नाही. अंगात ताप असला तरी भिंतीला धरून उठायची. मला तिची कीव यायची, रागही यायचा.

परवा ताईच्या मुलीने तीच थाप मारली. मावशीने नातीला जवळ ओढून गालगुच्चा घेतला. "देव काय हजेरी घेत बसलाय? असल्या गोष्टी तो मनावर घेत नाही."

ताई इस्त्री करत होती. तिने इस्त्री उभी ठेवली. "आई, देव बदलला का गं?"

मावशी सुईत दोरा ओवायला लागली. तो काही जाईना. बदलला म्हणावं तर जन्मभराचं म्हणणं पाण्यात, आणि नाही म्हणावं तर ताईला काय उत्तर द्यायचं? मी तिथून उठणार होते, पण पाय निघेना.

"नाही बदलला," ती शेवटी म्हणाली. "तेव्हाही असाच होता. मीच तुला खोटं सांगितलं. मला कुणावर तरी चिडायचं होतं, आणि समोर तू होतीस."

राहिलेल्या कपड्यांना ताईने इस्त्री करून टाकली. त्या संध्याकाळी ती प्रार्थना न करता जेवायला बसली. मावशीने सगळ्यांच्या आधी तिला वाढलं.