सुभद्राताईंचा जिवंत कोळी

धंतोलीतल्या एका दवाखान्यात सुभद्राताईंनी आयुष्यभर एक्स-रे काढले. निवृत्तीनंतर कंपवात झाला, उजवा हात थरथरू लागला, आणि किड्यांचे फोटो काढायचा त्यांचा छंद आता संपला असं सगळे धरून चालले. त्या सोडून.

छंद लावला होता भैयाजींनी. भैयाजी म्हणजे छायाचित्र मंडळाचे जुने गुरुजी. त्यांची रीत ठरलेली. किडा पकडायचा, डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवायचा, गारठून सुन्न झाला की पानावर बसवायचा, वरून पाणी फवारायचं म्हणजे दव वाटतं. मग कॅमेरा स्टँडवर लावून निवांत फोटो. सुभद्राताईही वर्षानुवर्षं तसंच करत. एकदा सून दीप्तीनं ठेचा समजून डबी उघडली तर आत नाकतोडा. तेव्हापासून ती फ्रिजमधली प्रत्येक डबी आधी कानाशी हलवून बघते.

मागच्या वर्षी ताईंनी नवा कॅमेरा घेतला. हाताची बरीचशी थरथर तो आतल्या आत सावरतो. किड्याचा डोळा स्वतःच शोधतो, किडा सरकला तरी सोडत नाही. एका दमात थोड्या थोड्या अंतरावर नेम धरत पुष्कळ फोटो घेतो आणि जोडून एक करतो, म्हणजे किडा सगळाच स्पष्ट दिसतो. पूर्वी त्यासाठी किडा निपचित पडलेला लागे. आता तो आपल्या कामात असला तरी चालतं.

भिवापूरला बहिणीच्या शेतात, मिरचीच्या झाडांमध्ये मांडी घालून त्यांनी एका इवल्याशा कोळ्याचा फोटो काढला. जबड्यात माशी, आणि पुढचे चारही डोळे कॅमेऱ्यावर रोखलेले, जणू जेवताना कुणी दार वाजवलंय.

मंडळाच्या प्रदर्शनासाठी तो दिला. भैयाजींनी बराच वेळ पाहिला, चांगला आहे म्हणाले, आणि बाहेरच्या व्हरांड्यात शाळकरी मुलांच्या चित्रांशेजारी लावायला सांगितलं. मोठ्या दालनात मेहनतीचे फोटो लागतात, हा तर कॅमेऱ्यानं जोडलेला, असं त्यांचं म्हणणं.

ताई फोटो घेऊन दालनातच उभ्या राहिल्या. समोर भैयाजींचा गाजलेला फोटो होता, दवात भिजलेला चतुर.

"सोपं झालं ताई आता सगळं," भैयाजी म्हणाले. "बटन दाबलं की झालं. तुमचं त्यात काय?"

"सोपं झालं म्हणूनच मले जमून राहिलं," ताई म्हणाल्या. "सोपं काहून नको? मी व्हरांड्यात जात नाही. प्रत्येक फोटोखाली लिहून टाका, कसा काढला ते. माझ्याखाली लिहा, हात थरथरते, कॅमेऱ्यानं सावरला. तुमच्या चतुराखाली लिहा, फ्रिजमधला."

दालनात खिळे ठोकणारी मंडळी थांबली. भैयाजी म्हणाले, जुन्या गोष्टी कशाला काढता. ताई म्हणाल्या, मी कुठं काढून राहिली, त्या भिंतीवरच आहेत.

मग भैयाजींनी चष्मा पुसला आणि चतुराशेजारची जागा मोकळी करायला सांगितलं. आपल्या फोटोखाली मात्र त्यांनी फक्त नाव ठेवलं.

ताई चिठ्ठी लिहायला बसल्या. अक्षरं ओळ सोडून पळत होती. सोबत आलेली दीप्ती म्हणाली, आई, द्या इकडे, मी चांगल्या अक्षरात लिहून देते.

"राहू दे वं," ताई म्हणाल्या, आणि शाई वाळायच्या आत ती चिठ्ठी फोटोखाली चिकटवली.