नानचाकू चालतो, अप्पा म्हणाले

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, अप्पांना तर नाहीच. आता अप्पाही नाहीत — आणि खरं सांगू? मला हे सांभाळण्याचाच कंटाळा आलाय.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही हुबळीत देशपांडे नगरात राहायचो. अप्पा, माझे वडील, वकील. मी कराटेला जायचे, पण नानचाकू — साखळीने जोडलेले ते दोन दांडके — सर फक्त मुलांना शिकवायचे. मला मात्र त्याचंच वेड. क्लासमधल्या बसूने स्वतःचा नानचाकू करून घेतला होता. त्याचे वडील अमरगोळच्या बाजारात हमाल. मी त्याच्या मागेच लागले — घरी ये, गच्चीवर शिकव मला. तो कचरत होता. गावात जमावबंदी, पोलीस पिशव्या तपासत होते, आणि त्याला पोलिसातच भरती व्हायचं होतं. म्हणाला, आधी वकीलसाहेबांना विचार, असलं घेऊन फिरलेलं चालतं का.

विचारलं का मी? छे. विचारलं असतं तर गच्चीवरचा बेतच कळला असता. दुसऱ्या दिवशी बसूला खुशाल सांगितलं, "अप्पा हेळ्यार, नडीतैति." अप्पांनी सांगितलंय, चालतं.

कोप्पीकर रोडवर त्याला पकडलं. ठाण्यात तो एवढंच म्हणत राहिला, वकीलसाहेबांनीच चालतं म्हणून सांगितलंय. माझं नाव काढलं नाही. कुठे निघाला होता, तेही नाही. घरी फोन आला. अप्पांनी मला विचारलं, "तुझ्या क्लासमधला आहे म्हणे. तुला काही माहीत आहे?"

मी नाही म्हणाले. किती सोपं असतं — नाही?

त्याचे वडील हात जोडून आले. "माझं नाव घेऊन खोटं बोलणाऱ्याचं वकीलपत्र मी घेणार नाही," अप्पा म्हणाले. मी आतल्या खोलीत होते. दार उघडंच होतं.

केस रेंगाळली, भरतीचं वय निघून गेलं. बसू अमरगोळला पोती उचलायला लागला.

दहा-बारा वर्षांनी अप्पा गेले, तेव्हा तो भेटायला आला. फोटोला नमस्कार केला. मला वाटलं, आता बोलेल. बोलला —

"तप्पाय्तु अक्का. साहेबांचं नाव घ्यायला नको होतं मी. चुकलंच."

त्याला काय वाटत होतं — अप्पा सांगून विसरले? की माझं खोटं त्याला कळलं होतं? मी विचारलं नाही. "असू दे रे," म्हणाले. चहा दिला.

मी त्याला माफ केलं.